होकार कोणाचा?

परोपकारासारखे पुण्य नाही, हे आम्ही कीर्तनकार मंडळी गावोगाव सांगत फिरतो आणि श्रोतेही माना डोलावतात. दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने मांस दिले, ही आख्याने लावली की मंडप निःशब्द होतो. परंतु ह्या आख्यानांच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, तो सहसा कोणी बाहेर काढीत नाही. दधीचीला कोणी बांधून आणले नव्हते. शिबीने स्वतःच्या मांडीचे मांस तराजूत घातले. दारातल्या याचकाच्या मांडीचे घातले नाही. देह परोपकारार्थ झिजवावा हे खरेच. पण कोणी, कोणाचा, आणि कोणाच्या सांगण्यावरून? दुखण्याने पिचलेला गरजू मनुष्य औषधासाठी दारात उभा असता, त्याच वेळी त्यास "तुझा देह थोडा जगाच्या उपयोगी पडू दे" असे कोणी म्हटले आणि तो "हो" म्हणाला, तर त्या होकारास दान म्हणावे काय? ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखी आम्ही करणार आहोत. प्रश्न नुसता पोथीतला नाही. भिवंडीहून परळला जाणाऱ्या माणसांच्या पिशवीतून, केसपेपराच्या घडीत बसून, तो रोज जातो येतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. आत मागांचा खडखडाट. बाहेर काल्हेर, पूर्णा, राहनाळ ह्या पट्ट्यात भाताची शेते जाऊन गोदामे उभी राहिलेली. आणि भोवतालच्या आगरी-कुणबी गावांतून पंढरीची वारी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू. मागावर बारा-बारा तास उभे राहणारा माणूस झोप उडावी म्हणून तंबाखूची गोळी गालात धरतो. पुढे केव्हातरी गालाच्या आत न भरणारी जखम होते, घास लागतो, तोंड उघडेनासे होते. मग गावातला वैद्य म्हणतो, "परळला दाखवा." अंजूरफाटा, काल्हेर, कशेळीचा पूल करीत ठाणे, तेथून लोकलने परळ. परळ म्हणजे टाटा मेमोरियल रुग्णालय, हे आता आमच्या ठाणे जिल्ह्यात कोणास सांगावे लागत नाही.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. १९५२ साली परळ येथेच कर्करोगाच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र निघाले. १९६२ पासून रुग्णालय भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि १९६६ साली रुग्णालय व संशोधन एका छत्राखाली आले. खारघर येथे त्याचे मोठे संशोधन-केंद्र आहे. म्हणजे हे घर दोन व्रते एकदम घेऊन बसलेले आहे. एक व्रत समोर आलेल्या रोग्यास बरे करण्याचे, दुसरे त्या रोगाविषयीचे ज्ञान मिळवून उद्याच्या रोग्यांस वाचवण्याचे. अमेरिकेत बेथेस्डा येथे १९५३ साली सरकारने असेच एक रुग्णालय काढले. तेथे रोग्याकडून उपचाराचा पैसा घेत नाहीत. पण तेथे दाखल होणारा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या अभ्यासात सामील असतो.

बरे, हे ज्ञान मिळते कसे? समजा, एका रोगावर जुने औषध आहे आणि नवे आले आहे. कोणते अधिक गुणकारी, हे तर्काने कळत नाही, प्रत्यक्षच पाहिजे. म्हणून रोग्यांचे दोन गट करतात. कोणास कोणते औषध द्यावयाचे हे वैद्य ठरवीत नाही. चिठ्ठी टाकावी तसे यंत्राकडून ठरते, कारण वैद्याने निवड केली तर त्याच्या मनाचा कल निष्कर्षात शिरतो. मग महिनोन्‌महिने दोन्ही गटांवर नजर ठेवायची. आमचे नैयायिक ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार. यात लबाडी काही नाही. पण रोगी मात्र असे समजून बसतो की, डॉक्टरांनी माझ्यासाठी सर्वांत चांगले औषध निवडले आहे. त्याच्यासाठी कोणी निवडलेलेच नसते. हे त्यास सांगितले नाही, किंवा सांगूनही त्याच्या ध्यानात आले नाही, तर त्याने दिलेला होकार भलत्याच गोष्टीला दिलेला होकार ठरतो.

येथे, डॉक्टर आणि रोगी ह्यांच्या मध्ये, एक तिसरे माणूस असते. सरकारी रुग्णालयांत त्यास समाजसेवा अधीक्षक म्हणतात. कोठे वैद्यकीय समाजसेवक, समाजसेविका म्हणतात. रोगी नुसते "ताई" म्हणतात. ह्या पेशाचा उगम दानाच्या हिशोबात झाला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्टुअर्ट ह्या बाईंची नेमणूक झाली, ती मुख्यतः फुकट औषध घेणारा खरोखर गरीब आहे की नाही हे पाहण्यासाठी. दारात बसलेल्या त्या बाईंच्या लवकरच ध्यानात आले की, खोटे गरीब थोडे. औषध मिळूनही बरे न होणारे गरीब फार, कारण औषधाची बाटली ज्या घरात जाते त्या घरात अन्न नाही. बॉस्टनमध्ये डॉक्टर रिचर्ड कॅबट ह्यांनी १९०५ साली ह्याच जाणिवेने रुग्णालयात समाजसेवेचे काम सुरू केले. आपल्याकडे मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

त्यांचे रोजचे काम पाहिले तर मोठे दिसत नाही. रेशनकार्ड पिवळे की केशरी ते पाहणे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कसा मिळेल ते सांगणे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत प्रकरण बसवणे, विश्वस्तनिधींकडे मदतीचे अर्ज धाडणे, बाहेरगावच्या माणसास धर्मशाळेत जागा पाहणे, बायको रडत असली तर तिच्याजवळ बसणे, आणि अर्ध्यावर उपचार सोडून गेलेल्या रोग्यास फोन करून परत बोलावणे. पाहणाऱ्यास वाटते, ही कारकुनी. परंतु ह्या कारकुनीतून त्यांस एक गोष्ट कळते, जी डॉक्टरास सहसा कळत नाही. हा मनुष्य येथे "नाही" म्हणू शकतो की नाही, हे त्यांस कळते.

भिवंडीतल्या एका बाई मुंबईच्या रुग्णालयात आयुष्यभर हेच काम करून निवृत्त झाल्या. आमच्या सप्ताहाला येत. त्यांनी सांगितलेली एक हकीकत येथे देतो. एक मागवाला, पन्नाशीचा, गालात गाठ. नव्या उपचाराच्या अभ्यासात सामील होण्याच्या कागदावर त्याने सकाळी सही केलेली. दुपारी बाई त्याच्यापाशी बसल्या.

"काका, सकाळी सही केलीत त्या कागदात काय लिहिलं होतं?"

"ते आम्हाला काय कळतंय ताई! डॉक्टरसाहेब बोलले, चांगलं आहे. आम्ही केली."

"आणि नसती केलीत तर?"

तो गृहस्थ हसला. म्हणाला, "नाही कसं म्हणायचं? मग खाट कोण देईल?"

ध्यानात घ्या, त्यास कोणीही धमकावले नव्हते. डॉक्टराने अर्धा तास बसून कागद वाचून दाखवला होता. कागदात लिहिलेही होते की, सामील न झाल्यास उपचारात फरक पडणार नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तेवढेच वाक्य पोचले नव्हते, कारण जन्मभर शेठ, मुकादम, पतपेढीचा साहेब ह्यांच्यापुढे उभे राहून त्याने एकच गोष्ट शिकली होती की, मोठ्या माणसास नाही म्हटले की पुढचे दार बंद होते. बाईंनी डॉक्टरास बोलावले. डॉक्टर समजूतदार होता. तो पुन्हा येऊन बसला, खाट आणि कागद ह्यांचा संबंध नाही हे त्याने बायकोदेखत सांगितले. दोघांनी रात्री विचार केला. त्या अभ्यासासाठी नेहमीच्या उपचारावर आणखी काही महिने दर आठवड्यास यावे लागणार होते, आणि तितके खाडे मागाचा शेठ सोसणार नव्हता. सकाळी मागवाला म्हणाला, "आम्हाला नाही जमायचं." त्याचा नेहमीचा उपचार ठरल्याप्रमाणे चालू राहिला. अभ्यासातले एक माणूस कमी झाले, हे नुकसान खरे आहे. तथापि त्या दोन दिवसांत एक मनुष्य आपल्या देहाचा धनी झाला, हेही खरे आहे.

"देहाचा धनी" हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. आपल्या शास्त्रात दानाचे लक्षण सांगितले आहे ते असे की, वस्तूवरचे आपले स्वामित्व आपण सोडावे आणि दुसऱ्याचे निर्माण करावे. म्हणजे जे आपले नाही त्याचे दान होत नाही. जैमिनींच्या पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायी विश्वजित् यागाचा विचार आहे. त्या यागात सर्वस्व द्यावयाचे असते. तेव्हा प्रश्न निघाला की, सर्वस्वात आईबापही आले काय? सिद्धान्त असा की, नाही. माझे वडील "माझे" असले तरी मी त्यांचा मालक नव्हे. नचिकेत्याच्या पित्याने सर्वस्वदानाचा घाट घातला आणि भाकड गाई देऊ लागला, तेव्हा पोराने विचारले, "बाबा, मला कोणाला देता?" तेथे तोच प्रश्न उभा आहे.

आता हा सिद्धान्त आपल्या घरात लावून पाहा. आईस कर्करोग झाला की मुलगा डॉक्टरास बाजूला घेऊन म्हणतो, "तिला सांगू नका हो, ती खचेल." प्रेमानेच म्हणतो. मग निर्णय मुलगा घेतो, सही मुलगा करतो, आणि आईस सांगतात, "गळू आहे, बरं होईल." बिचारी समाजसेविका येथे पेचात सापडते. एकदम सत्य तोंडावर फेकणे ही क्रूरता. पण ज्या बाईस आपल्या रोगाचे नावच ठाऊक नाही तिने कोणत्या अभ्यासास होकार दिला म्हणावयाचे? म्हणून ती आधी मुलाची भीती ऐकून घेते, मग आईलाच विचारते, "मावशी, दुखण्याबद्दल तुम्हाला किती कळायला हवंय?" पुष्कळदा आई म्हणते, "मला केव्हाचं कळलंय बाई. पोरगा रडेल म्हणून मी विचारत नाही." घरातल्या घरात दोघे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून बसलेले असतात. कोणी म्हणेल, "मला काही सांगू नका, मुलगा पाहील." तोही तिचा अधिकार आहे. पण तो अधिकार तिने स्वतः मुलास द्यावयाचा. मुलाने परस्पर घ्यावयाचा नव्हे.

ह्या विषयावरचे सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर आख्यान ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत आहे. राजा हरिश्चंद्रास पुत्र नव्हता. त्याने वरुणास नवस केला की, पुत्र झाला तर त्यानेच तुझे यजन करीन. रोहित झाला, राजा आज-उद्या करीत राहिला, पोरगा मोठा झाला तो धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेला. तेव्हा वरुणाने राजास धरले आणि त्याचे पोट फुगले. जलोदर झाला. रोहित सहा वर्षे वनात हिंडला. तेथे त्यास अजीगर्त नावाचा ब्राह्मण भेटला, भुकेने व्याकुळ, पदरी तीन मुलगे. रोहित म्हणाला, "शंभर गाई देतो, ह्यांतला एक मला दे, त्यास देऊन मी सुटेन." बापाने थोरल्यास कवटाळले, आईने धाकट्यास. राहिला मधला, शुनःशेप. त्याचा सौदा झाला.

यज्ञ मांडला. विश्वामित्र होता, जमदग्नी अध्वर्यू, वसिष्ठ ब्रह्मा, अयास्य उद्गाता. विधीत कोठे उणे नाही. पण मुलास यूपाला बांधावयाची वेळ आली तेव्हा बांधणारा कोणी मिळेना. अजीगर्त म्हणाला, "आणखी शंभर द्या, मी बांधतो." मारणारा मिळेना. "आणखी शंभर द्या, मी मारतो." आणि बाप सुरी पाजळीत पुढे आला.

आता आम्ही विचारतो, ह्या व्यवहारात संमती कोणाकोणाची होती? राजाची होती, राजपुत्राची होती, बापाची होती, आईचीही म्हणा. देवानेही क्षत्रियाच्या जागी ब्राह्मण चालेल असे मान्य केले होते. रोगही खोटा नव्हता. राजा खरोखर मरणाच्या दारी होता. सर्वांनी हो म्हटले होते. ज्याचा देह होता त्या एकालाच कोणी विचारले नव्हते. आणि श्रुती पुढे काय सांगते पाहा. पोराने देवांना हाका मारल्या, एकेक ऋचेबरोबर त्याचा एकेक पाश गळाला आणि तसतसे राजाचे पोट उतरत गेले. रोग मुलाच्या वधाने गेला नाही, त्याच्या सुटकेने गेला. मग शुनःशेप विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. बाप परत मागू लागला, तेव्हा पोराने त्यास ऐकवले की, तुला माझ्यापेक्षा तीनशे गाई मोलाच्या वाटल्या.

दारिद्र्य मनुष्याकडून काय वदवून घेते हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. म्हणूनच आजचे नियम म्हणतात की, अभ्यासात सामील होणाऱ्यास गाडीभाडे द्या, बुडालेली मजुरी द्या; पण इतका पैसा पुढे करू नका की त्याच्या बळावर त्याने आपला जीव धोक्यात घालावा. शंभर गाईंचा मोह भुकेल्यापुढे टाकू नका, असाच त्याचा अर्थ.

येथे कोणी शंका घेईल, "बुवा, तुम्ही तर लोकांना घाबरवून सोडाल. सगळेच नाही म्हणाले तर औषधे सापडायची कशी?" शंका रास्त आहे, आणि तिला वळसा घालून पुढे जाणे बरे नव्हे. भिवंडीच्या मागवाल्यांस क्षय पुष्कळ होतो. पूर्वी समज असा की, क्षयाच्या रोग्यास महिनोन्‌महिने आरोग्यधामात, चांगली हवा, दूध, अंडी, विश्रांती ह्यांवर ठेवले तरच तो बरा व्हायचा. गरिबास हे कोठून साधावे? मद्रासेत १९५६ साली एक केंद्र निघाले. तेथे शहरातील गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात ठेवून आणि दुसऱ्यास त्याच्या दाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, दोन्हींस गुण जवळजवळ सारखाच येतो, आणि घरी राहिलेल्याच्या बायकामुलांस त्यामुळे अधिक बाधा होते असेही दिसत नाही. त्या एका निष्कर्षाने जगभरच्या गरिबांची खाटेची वाट पाहणे संपले. आज आपल्या गल्लीतला मनुष्य घरी राहून गोळ्या घेतो आणि बरा होतो, ते त्या मद्रासी रोग्यांचे ऋण आहे. त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण मानतो. ह्या अनामिकांचेही ऋण मानले पाहिजे. तेव्हा "नाही म्हणा" असा उपदेश आम्ही करीत नाही. तो कृतघ्नपणा होईल.

मग दान आणि बळी ह्यांतला भेद कोठे? भागवताच्या सहाव्या स्कंधात दधीचीची कथा आहे तेथे तो भेद नीट सापडतो. देव अस्थी मागावयास आले, तेव्हा ऋषीने लगेच देह टाकला नाही. प्रथम त्याने हसत हसत विचारले की, मरताना प्राण्यास किती असह्य क्लेश होतात हे तुम्हाला ठाऊक नाही काय? देह सर्वांस प्रिय. प्रत्यक्ष विष्णूने मागितला तरी कोण देईल? देवांस उत्तर द्यावे लागले. त्यांनी कबूल केले की, स्वार्थी मनुष्यास दुसऱ्याचे संकट कळत नाही, कळते तर तो मागताच ना. हा संवाद झाल्यावर दधीची म्हणाला, तुमच्याकडून धर्म ऐकावा म्हणून बोललो, आता घ्या. पाहा, मागणाऱ्यास प्रश्न विचारण्याची सवड दधीचीस होती. तो नाही म्हणता तर इंद्र त्याचा आश्रम जाळणार नव्हता. म्हणून त्याचे हो म्हणजे दान. शुनःशेपास ती सवड नव्हती, म्हणून तो पशू. नकाराची वाट उघडी असेल तरच होकारास मोल. आणि ती वाट उघडी आहे की नाही हे रोज जाऊन पाहणे, हे त्या समाजसेविकेचे खरे काम आहे.

परंतु येथे एक मोठा धोकाही आहे, तो सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. दयाळू माणसाच्या शब्दास लोक भुलतात. अमेरिकेत टस्कीगी गावी १९३२ पासून १९७२ पर्यंत चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने ३९९ गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश बरा न करता नुसता पाहत ठेवला. तुलनेसाठी आणखी २०१ निरोगी पुरुष होते. त्यांस "वाईट रक्ताचा" उपचार चालू आहे असे सांगत. मधल्या काळात पेनिसिलिन निघाले, तेही त्यांच्यापासून दूर ठेवले. ही माणसे चाळीस वर्षे का येत राहिली? फुकट जेवण होते, अंत्यविधीच्या खर्चाची हमी होती, आणि युनिस रिव्हर्स नावाची त्यांच्याच समाजातील एक परिचारिका होती. ती त्यांना गाडीतून आणी, घरच्यांची विचारपूस करी. त्यांचा तिच्यावर जीव होता. तिची माया खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच मायेचा दोर झाला आणि त्या दोराने ती माणसे बांधली गेली. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली, तोवर बहुतेक जण जग सोडून गेले होते. गोड बोलून रोग्यास राजी करणे हे समाजसेविकेचे काम मानले की तिच्या हाती तोच दोर येतो.

आपल्या मुंबईतही एक अवघड उदाहरण आहे. १९९८ साली टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, थोडे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून, व्हिनेगरसारख्या साध्या द्रवाने, दर दोन वर्षांनी झाली. दुसऱ्या गटास रोगाची माहिती तेवढी सांगितली. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला की, तपासलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. गरीब देशांस हे मोठेच वरदान. त्यावर आक्षेप निघाला की, न तपासलेल्या गटातील स्त्रियांना, तुम्हालाही तपासणी करून घेता येते, हे पुरेसे उघड सांगितले होते काय? संशोधक म्हणतात, त्या काळी देशात अशी सार्वत्रिक तपासणी नव्हतीच, आणि तुलनेवाचून सिद्ध काही झाले नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि निवाडा देण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्ही एवढेच म्हणतो की, फळ मोठे मिळाले म्हणून होकाराचा प्रश्न मिटत नाही. तसाच, आक्षेप निघाला म्हणून फळ खोटे होत नाही.

सरकारने नियम केले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, २०१९ चे नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम आहेत. प्रत्येक चाचणी आधी नीतिसमितीपुढे जाते. त्या समितीत किमान सात सभासद, निम्मे तरी संस्थेबाहेरचे. एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेपंडित. आणि समाजशास्त्रज्ञ, नीतिज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ अशांपैकी एक असावा लागतो. वाचता न येणाऱ्यास कागद त्रयस्थ साक्षीदारासमक्ष समजावून द्यावा लागतो. केव्हाही अभ्यास सोडता येतो, त्यामुळे नेहमीचा उपचार तुटत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर औषधोपचार आणि भरपाई मिळते. नियम चांगले आहेत. पण हरिश्चंद्राच्या यज्ञातही विधी चोख होता.

"बरे, पण ही समाजसेविका पगार त्याच रुग्णालयाचा खाते, ती रोग्याची बाजू कशी घेईल?" अशीही शंका आहे. त्यास उत्तर यज्ञातच आहे. चार प्रमुख ऋत्विजांपैकी ब्रह्मा हा दक्षिणेस मौन धरून बसतो. तो बहुधा काही करताना दिसत नाही. कोठे चूक झाली तर ती दाखवून प्रायश्चित्त करवणे, हे त्याचे काम. त्यालाही दक्षिणा यजमानाकडूनच मिळते. पण चूक पाहून तो गप्प बसला तर यजमानाचाच यज्ञ बुडतो. तशीच ही बाई. तिने एखादा खोटा होकार अडवला तर ती रुग्णालयाच्या आड येत नाही, त्याचे ज्ञान निर्दोष राखते. अर्थात प्रत्यक्ष वसिष्ठ ब्रह्म्याच्या आसनावर असूनही मूल यूपापर्यंत गेलेच होते, हे श्रुतीने लपवलेले नाही. म्हणून आसनावर कोणी बसवले म्हणजे झाले असे नाही. तिला बोलण्याचा अधिकार आणि रोग्याजवळ बसण्यास वेळ दिला पाहिजे. एका बाईच्या गळ्यात शेकडो रोगी बांधले तर ती अर्जच भरीत राहणार.

आता आपण काय करावे? गाडगे महाराज स्वतः कीर्तनकार. पंढरपुरास त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली, तशीच मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही उभी करवली. रोग्यामागे आलेला माणूस फुटपाथावर निजतो, हे त्यांनी पाहिले होते. आज दादरच्या धर्मशाळेत त्यांच्याच नावाने परळचे रोगी उतरतात. आमच्या दिंड्या वाटेत अन्नदान करतात, तसे ह्या धर्मशाळांकडेही शिधा वळवावा. पण त्याहून मोलाचे, आणि पैशावाचून होणारे, काम म्हणजे सोबत जाणे. शेजारचा कोणी परळला निघाला तर गावातल्या शिकलेल्या पोराने एक दिवस त्याच्याबरोबर जावे. कागद पुढे आला की विचारावे: नेहमीचा उपचार कोणता आणि ह्यात वेगळे काय? अपाय काय होऊ शकतो? फेऱ्या किती, खर्च कोणाचा? मध्येच सोडता येईल ना? आणि नाही म्हटले तर काय होईल? उत्तरे पटली आणि रोग्याने मनापासून हो म्हटले, तर त्याच्या पायांस हात लावावा, कारण तो दधीचीच्या वाटेने चालला आहे. त्याने नाही म्हटले तर त्यास भित्रा म्हणू नये. त्याच्या घरात चूल कोण पेटवतो हे त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही.

वाचता येत नसेल तर वाचून दाखवणाऱ्यास थांबवावे, पुन्हा विचारावे, समाजसेवा विभाग कोठे आहे ते विचारून ताईंना बोलवावे. विचारल्याने खाट जात नाही. इत्यलम्.